चिंधी धुवू नका

पाच महिने झाले, दुपार कलली की मी घरात थांबत नाही. ऊन असो, झड असो, काठी घेतो आणि तेरणेच्या काठाला जाऊन बसतो. उन्हं उतरली की परत येतो. माकणीतले लोक म्हणतात, बायको गेल्यापासून म्हातारा भिरभिरलाय. म्हणू द्या. मी कशाला भितो ते लिहायलाच बसलोय.

आमच्या शाळेच्या मास्तरांनी हे काम गळ्यात घातलं. दिवाळी अंकात धंद्यातल्या माणसांचे अनुभव छापतात, बिराप्पा, तुम्ही कुत्र्यांचं लिहा, म्हणाले. मी तीन यत्ता शिकलो, त्याही निजामाच्या शाळेत, उर्दूतून. मराठी अक्षर मागाहून, दुकानांच्या पाट्या वाचून आलं. मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघायचं, बाकीला हात लावायचा नाही, असं ठरलंय.

माझ्या घरात आज कारवानी कुत्रीची पाच पिल्लं आहेत. पंचेचाळीस दिवसांची होत आली. पाच घरची माणसं त्यांना न्यायला येणार आहेत. पिल्लू जाताना त्याच्याबरोबर आईच्या अंथरुणाची चिंधी द्यायची, हा आमच्या धंद्याचा नियम. आणि यंदा ते अंथरूण म्हणजे माझ्या बायकोचं, सोजरचं, लुगडं आहे. ते फाडायला माझा हात उठत नाही. गोष्ट एवढीच आहे. पण ती कळायची तर धंदा आधी कळला पाहिजे.

कारवानी कुत्रं म्हणजे लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट पाठीला लागलेलं. नवीन माणसाला वाटतं उपाशी ठेवलंय. ते धावायला लागलं की मग माणूस गप्प बसतो. आम्ही धनगर. मेंढरामागं ही कुत्री आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या. पोलीस ॲक्शनच्या आधी मी एका जहागीरदाराकडं कुत्री सांभाळायला होतो. त्यांना शिकारीचा नाद. बावीस कुत्र्या एका लांब पडवीत, ओळीनं साखळीला. माजावर आली की नराला दाखवायची, व्याली की पिल्लं उचलायची, पुन्हा माजावर आली की पुन्हा. मीच करत होतो ते सगळं. लपवून काय उपयोग.

ॲक्शन झाली, जहागीरदार रातोरात हैदराबादला गेले. मी तीन दिवसांनी वाड्यावर गेलो तर फाटक उघडं आणि कुत्र्या तशाच बांधलेल्या. काही मेलेल्या. जित्या होत्या त्यांच्या साखळ्या सोडल्या. वाटलं, आता सुटतील आणि रानात पळतील. एकही पळाली नाही. साखळी जेवढी लांब होती तेवढ्याच गोलात फिरत राहिल्या. गळ्यात काही नाही, पण त्या गोलाच्या कडेला आल्या की मान आपोआप मागं ओढली जायची, जशी साखळी ताणल्यावर जाते. भर दुपारी, रिकाम्या वाड्यात, नऊ कुत्र्या नसलेल्या साखळीला फिरत होत्या. ते मी विसरलो नाही.

एकेकीला उचलून घरी आणलं. सोजरनं बघितलं आणि म्हणाली, "ह्यांनी घर बघितलंच न्हाय की ओ कधी."

"नऊ कुत्र्यांना घर कुठलं आणू?"

"एका घरात नऊ कशाला? नऊ घरं बघा. शेळी न्हाय का देत अर्धलीनं?"

अर्धल म्हणजे शेळी दुसऱ्याच्या घरी सांभाळायला द्यायची, करडं निम्मी वाटून घ्यायची. आमच्याकडं सगळे करतात. कुत्री तशी द्यावी हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सोजरच्या आलं. त्या दिवसापासून धंदा माझ्या नावाचा आणि अक्कल तिची.

नियमही तिचेच. कुत्री त्या घरची. नाव ते ठेवणार, भाकरी ते घालणार, पिल्लांचे पैसे निम्मे वाटायचे. साखळी नाही. तिसऱ्या माजाच्या आधी नराला दाखवायची नाही. दोन वेतांत दोन वर्षं. आयुष्यात वेतं तीन, मग पुन्हा नराला दाखवायची नाही, म्हातारपण त्याच घरात. बापलेकीची, भावाबहिणीची जोडी लावायची नाही. पिल्लू पंचेचाळीस दिवसांच्या आत आईपासून तोडायचं नाही. आणि दिलेलं पिल्लू कुणाला नकोसं झालं तर ते आमच्याकडंच परत आलं पाहिजे, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही.

गिऱ्हाईक पसंत करायचं माझ्याकडं. मी घरी जायचो. कुत्र्याची गोष्ट काढायची नाही. पाणी मागायचं आणि पाणी येईपर्यंत गोठ्यात बैलाच्या नाकाकडं बघायचं. वेसणीनं नाक सोललेलं असलं तर पाणी पिऊन उठायचं. लोकांना राग यायचा. येऊ दे.

एकदा उमरग्याच्या कचेरीत बदलून आलेले एक साहेब पिल्लू मागायला आले. त्यांना जातीचा दाखला पाहिजे होता.

"ह्याच्या वंशावळीचा कागद कुठाय?"

मी सोजरला हाक मारली. ती चुलीपुढनं राखेचे हात घेऊन आली. "साहेबांना ह्याचा कागद दाखव."

सोजर उभ्या उभ्या म्हणायला लागली. हे तांबीचं, तांबी हरणीची, हरणी लोहाऱ्याच्या काळ्याची न् पहिल्या चांदणीची, पहिली चांदणी वाड्यावरची, डाव्या कानाला चीर होती ती. सात पिढ्या झाल्यावर साहेब म्हणाले, पुरे. मी म्हणालो, "साहेब, ह्या कागदाला वाळवी लागत न्हाय." कसला टेंभा होता मला. तो कागद गेल्या चैत्रात, तीन दिवसांच्या तापात गेला. आज मला चार पिढ्यांपलीकडं आठवत नाही.

आता चिंधीचं.

पिल्लू नव्या घरी गेलं की तीन रात्री रडतं. घरचे वैतागतात, कुणी मारतं, तिथनं कुत्रं बिघडतं. म्हणून आई ज्या कपड्यावर व्याली तो फाडून प्रत्येक पिल्लाबरोबर एक तुकडा द्यायचा. एक तुकडा आईला ठेवायचा, कारण तीही शोधते. कपडा नवा चालत नाही. माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षं फिरलेला पाहिजे. कुत्र्याला आईचा वास जेवढा लागतो तेवढाच त्या घराचा. चिंधी धुवायची नाही, फेकायची नाही. ती आपली आपण झिजून जाते, तोवर पिल्लू मोठं होतं.

आमची एक कुत्री, दुसरी चांदणी, उमरग्यात रहीमतभाईंच्या घरी होती. ते मण्यार. बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचे. त्यांच्या बायकोचं नाव खातूनबी. मी कुत्री घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधीच सांगितलं, घरात नमाज होते, कुत्री उंबऱ्याच्या आत येणार नाही. अंगणात तिला छपरी बांधली, भांडं वेगळं केलं. आणि सांगतो, नऊ घरांत तिच्याएवढं सुखात एकही कुत्रं नव्हतं. असरची नमाज, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराची, झाली की खातूनबी भाकरी कुस्करून अंगणात यायच्या. त्यांना दमा होता. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या. पुन्हा दोन पावलं. दारापासून छपरीपर्यंत दहा-बारा हात जागा, ती ओलांडायला त्यांना केवढा वेळ लागायचा. चांदणी उठून उंबऱ्याकडं बघत उभी राहायची. पुढं पळायची नाही. त्या दोन पावलं आल्या की तिची मान तेवढीच वळायची, थांबल्या की थांबायची.

महाराष्ट्र झाला त्या साली चांदणी दुसऱ्यांदा गाभण होती. ती व्यायच्या बारा दिवस आधी खातूनबी गेल्या. हे बारा दिवस ध्यानात ठेवा.

चांदणीनं अन्न सोडलं. चार दिवस झाले तेव्हा रहीमतभाईंनी खातूनबींची हिरवी ओढणी आणून तिच्यापुढं टाकली. ती ओढणीवर तोंड ठेवून पडली आणि संध्याकाळी भाकरी खाल्ली. त्याच ओढणीवर तिला सात पिल्लं झाली. सातवं फार बारीक, थानाला पोचायचं नाही. सोजरनं ते नवव्या दिवशी, डोळे उघडायच्या आधी, घरी आणलं आणि शेळीच्या दुधावर वाढवलं. ती आमची सावळी. बाकीची सहा न्यायला आम्ही दोघं पंचेचाळिसाव्या दिवशी उमरग्याला गेलो. रहीमतभाई फेरीला गेले होते. मी ओढणी उचलली.

सोजर म्हणाली, "आवो, इचारा तरी त्यांना. त्यांच्या माणसाची ओढणी हाय ती."

"चिंधीला काय विचारायचं? आता ते कुत्रीचं अंथरूण हाय."

टर्रकन फाडली. आठ तुकडे. सात पिल्लांना, एक चांदणीला. रहीमतभाई घरी आल्यावर त्यांना छपरीत एक टीचभर तुकडा दिसला असेल. ते मला काही बोलले नाहीत.

चार-पाच महिन्यांनी ईटहून पोस्टकार्ड आलं. ईट तिकडं भूमच्या बाजूला, आमच्यापासून दिवसभराचा प्रवास. तिथं गयाबाई नावाच्या बाईच्या शेतकरी घरात एक पिल्लू दिलं होतं. कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: कुत्री घेऊन जावे. घरात सून पोटुशी आहे. कुत्रीला दिसू नये ते दिसते.

माझं पित्त खवळलं. धंद्यात असं एकदा बोललं गेलं की संपलं. पिल्लं हाकलली जातात, दगड खातात. मी एस.टी.नं गेलो. गयाबाई माझ्याहून फटकळ.

"बसा. पाणी प्या. आन मंग बघा तुमच्याच डोळ्यानं. म्या काय सांगत न्हाय."

"उंदीर-घूस बघत असंल ती."

"मंग उंदराला नमस्कार करून जावा गावाला."

ऊन कललं. सून भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. कुत्री झोपली होती ती एकाएकी उठली. घराच्या उंबऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. शेपूट हलायला लागलं. हळू, ओळखीचं माणूस दिसल्यावर हलतं तसं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. मग तिची मान जराशी वळली आणि थांबली. पुन्हा जराशी वळली, थांबली. सुनेच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. अंगणात पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. मान वळली. थांबली.

दोन पावलं टाकून कोण थांबतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पिल्लू महिनाभर ठेवा, असं गयाबाईला सांगून निघालो. वाटेत आणखी दोन घरी उतरलो. तिथंही तेच. एका घरी ते पिल्लाचा खेळ म्हणून हसत होते, एका घरी दार लावून आत बसत होते. मी मनाशी उत्तर तयार केलं: चांदणी रोज त्या वेळेला वाट बघते, मान वळवते, पिल्लांनी आईचं बघून उचललं. खातूनबी पिल्लं व्हायच्या बारा दिवस आधी गेल्या, पिल्लांना त्या ठाऊकच नाहीत, पण आई ठाऊक आहे. उत्तर बरोबर बसलं. घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात सावळी उठून उभी राहिली. शेपूट हलवत. मान वळली, थांबली.

सावळीनं आईला डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं. हे कुठं बसवायचं ते मला आजवर जमलेलं नाही.

सोजर दारात उभी होती. ती घाबरली नाही. म्हणाली, "रहीमतभाईंना कळवा."

"काय कळवू? तुमची बायको माझ्या अंगणात येती म्हणून?"

"व्हय. आसंच."

कळवायची गरज पडली नाही. दहा-बारा दिवसांत रहीमतभाईच आले. बांगड्यांची पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "बिराप्पा, मी बांगड्या भरत फिरतो. बायका हात पुढं करत्यात अन सगळं सांगत्यात. माझी बायको गावोगाव फिरायलीय म्हणं. मला घरी दिसंना. चांदणी उठतीच की रोज, पर ती तर पहिल्यापास्नंच उठायची. मला ईटला घेऊन चला."

गेलो. गयाबाईनं त्यांना सावलीत घोंगडं टाकून दिलं. वेळ झाल्यावर त्यांनी कोपऱ्यात शाल अंथरून नमाज पढली. ती संपवून ते भिंतीला टेकले आणि कुत्री उठली. उंबरा. शेपूट. मान वळली, थांबली. रहीमतभाईंची पेटी अंगणात मधोमध होती. ती त्यांनी गुडघ्यावर सरकत जाऊन बाजूला घेतली, वाट मोकळी केली. आणि अगदी हळू, घरात बोलतात तसं म्हणाले, "आहिस्ता. दम ले. घाई नक्को."

कुत्रीची मान थांबली ती जास्त वेळ थांबली.

सुनेनं पदर तोंडात धरला. गयाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बिराप्पा, मला त्या माणसाची कीव येती. पर माजी सून सहा महिन्याची हाय. हे घरातनं निघालं पायजे. न्हाय तर कुत्री निघंल."

तिचं खोटं नव्हतं. तिला घर मोकळं पाहिजे होतं आणि मला माझं नाव. मी म्हणालो, कुत्रीच्या पोत्याखाली हिरवी चिंधी आहे, ती राखेच्या पाण्यात उकळा. रहीमतभाई ऐकत होते. मी त्यांच्याकडं वळून बोललो, आणि जे बोललो ते अजून आठवतं. "माणूस गेलं म्हणजे गेलं, रहीमतभाई. ही चिंधी हाय. घाण झालीय, धुवायला पायजे."

ते म्हणाले, "तुमचा माल हाय. तुमी म्हणाल तसं."

चिंधी उकळली. त्या दिवशी गाडी नव्हती, मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी रहीमतभाईंनी नमाज पढली, पेटी आधीच बाजूला घेऊन ठेवली आणि भिंतीला बसले. कुत्रीनं जांभई दिली आणि कूस बदलून झोपली. ते उन्हं उतरेपर्यंत उंबऱ्याकडं बघत बसले. मग उठले, सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, भेट म्हणून. परतीच्या गाडीत पेटी मांडीवर घेऊन बसले. मी मात्र खुशीत होतो. बाकीच्या घरांना पोस्टकार्डं टाकली: चिंधी राखेच्या पाण्यात उकळणे. महिन्याभरात सगळीकडनं कळलं, थांबलं म्हणून. कुत्री वाचली, नाव वाचलं. मी गावात चार लोकांना सांगितलंही, भुताचं औषध राख.

घरी सोजरला म्हणालो, सावळीची चिंधी धू.

"धुतली," म्हणाली.

पण सावळी दुपारी उठायची ती उठायचीच. मी मेंढरं घेऊन रानात असायचो. एखाद्या दिवशी घरी असलो तर दिसायचं. म्हणायचो, सवय लागली तिला, मोडंल. सोजर त्या वेळेला अंगणात एक पाट टाकायची. कशाला, विचारलं तर म्हणायची, डाळ निवडायला. पाटावर ती बसलेली मी कधी बघितली नाही. शेजारी खाली बसायची. तिच्या हातात मात्र दर दोन-चार महिन्यांनी नव्या बांगड्या दिसायच्या. मी म्हणायचो, ह्या वयात काय हा थाट. ती हसायची.

सहा वर्षं गेली. चैत्रात सोजर गेली. पंधरा दिवस घरात माणसं होती. माणसं पांगल्यावर पहिल्याच दुपारी मी उंबऱ्याच्या पायरीवर बसलो होतो. सावळीनं डोकं उचललं आणि उंबऱ्याकडं नाही, अंगणाच्या फाटकाकडं बघितलं. मी काठी घेतली आणि मागच्या वाटेनं नदीला गेलो. तिची मान कशी वळते ते मला बघायचं नव्हतं. दिसलं तर काय, आणि नाहीच दिसलं तर काय, दोन्ही मला झेपणारं नव्हतं. तेव्हापासून दुपारी मी घरात नाही.

श्रावणात सावळीचं तिसरं, शेवटचं वेत. तिच्यासाठी मी धड पोतं शोधत होतो, तोवर तिनं वलणीवरचं सोजरचं लुगडं ओढून घेतलं आणि उकरून त्यात बसली. मी हिसकायला गेलो तर माझ्यावर गुरगुरली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग तिचं जुनं पोतं झटकायला घेतलं, तर आतल्या बाजूनं काहीतरी शिवलेलं हाताला लागलं. टाके सोजरचे. उसवलं. हिरवी ओढणी, सावळीच्या वाट्याचा तुकडा. वासावरनं कळत होतं, पाणी कधी लागलं नव्हतं तिला.

म्हणजे सहा वर्षं खातूनबी माझ्या अंगणात येत होत्या. मला दिसत होतं, सोजरला कळत होतं, आणि ज्या माणसाला कळायला पाहिजे होतं त्याला मी कळवलं नव्हतं. बायको जायच्या आधी मला ह्यातलं काही समजलं नसतं. आता रोज समजायला लागलं.

एवढं लिहून थांबलो होतो. परवा तुकडा घेऊन उमरग्याला गेलो. रहीमतभाईंची नजर अधू झालीय, फेरी बंद आहे. चांदणी गेल्या साली त्यांच्याच अंगणात म्हातारी होऊन गेली. मी सरळ सांगून टाकलं. चिंधी धुतली नव्हती. सहा वर्षं तुमची बाई माझ्याकडं येत होती. मी सांगितलं नाही, माझी चूक.

ते हसायला लागले. हसता हसता खोकले.

"बिराप्पा, सोजरभाभींच्या हातात नव्या बांगड्या कुठनं येत होत्या, कधी इचारलं का?"

"बाजारातनं."

"माकणीत बांगड्यांचा बाजार कवा भरला हो?"

मी कोपऱ्यातल्या त्यांच्या पेटीकडं बघितलं.

"भाभींनी पहिल्याच महिन्यात सांगावा धाडला मला. तुमी मेंढरं घेऊन गेला की मी यायचो. भाभी तिच्यासाठी पाट टाकायच्या, मी भिंतीला बसायचो. भाभी डाळ निवडत बसायच्या, एक अक्षर बोलायच्या न्हाईत. जाताना मी त्यांना बांगड्या भरायचो. भाभी गेल्या तवा हातात माझ्याच बांगड्या होत्या त्यांच्या, ठावं हाय का?"

"मला का सांगितलं न्हाय तिनं?"

"म्हणायच्या, आमच्या मालकाला सांगू नका, ते धुवून टाकतील."

त्यांनी पाणी दिलं. मी हिरवा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग नाकाजवळ, आणि रिकाम्या बांगड्यांच्या पेटीत ठेवून झाकण लावलं.

मी विचारलं, "लुगड्याचं काय करू? पिल्लं जायचीत. फाडू का?"

"मला इचारायलाव? माझ्या टायमाला कुणाला इचारलं व्हतं?" म्हणाले. मग आवाज खाली आला. "जिचं हाय तिला इचारा. दुपारी घरी थांबा."

पुढचं आधी सांगून टाकतो. लुगडं मी काल फाडलं. सहा तुकडे, पाच पिल्लांचे आणि एक सावळीचा. पाच घरच्या माणसांना मी एवढंच सांगणार आहे: चिंधी धुवू नका. कुत्र्यानं मान वळवली तर वाटेतलं सामान बाजूला घ्या. भीती वाटली तर पिल्लू चिंधीसकट मला परत द्या, मी ठेवून घेईन.

पण फाडायच्या आदल्या दिवशी, म्हणजे परवा, उमरग्याहून आलो आणि नदीला गेलो नाही. पायरीवर बसलो. पिल्लं लुगड्यावर एकात एक झोपलेली. सोजरची चाल मला माहीत होती. तिला थांबायची सवय नव्हती. फाटकातनं झपाझप यायची, रांजणापाशी तेवढी घटकाभर थांबून झाकण सरळ करायची, माझ्यामुळं ते कायम तिरकं राहायचं म्हणून. आणि मग पायरीवर येऊन मिश्री लावायला बसायची. माझ्या डाव्या बाजूला, चाळीस वर्षं.

ऊन कललं. मी अंगणाला म्हणालो, "सोजर, तुझं लुगडं फाडायचं हाय. पिल्लं जायचीत." माझाच आवाज मला कुणा दुसऱ्याचा वाटला.

सावळीनं डोकं उचललं. फाटकाकडं बघितलं. शेपूट जमिनीवर आपटायला लागलं. तिची मान वळली, न थांबता, रांजणापर्यंत. तिथं थांबली. रांजणाचं झाकण तिरकं होतं. मग मान पुन्हा वळली, नजर अंगण ओलांडून सरळ माझ्याकडं आली, आणि माझ्या डाव्या खांद्याच्या जरा बाजूला येऊन टेकली.

मी उजवीकडं सरकून बसलो.